दोघांच्या नावावर

काजानी, २ ऑक्टोबर

इल्पो,

तुझ्या आईच्या अंत्यविधीला कॉफी पिताना आपण शेवटचं बोललो. मी तुइया, तुझ्या चुलतभावाची, आहतीची बायको. ओळख द्यावी लागतेय यातच सगळं आलं. आहतीच्या आजाराचं तुला कुणीतरी सांगितलं असेलच. हातातून स्क्रूड्रायव्हर पडायला लागला तिथून सुरुवात झाली. मग पाय गेले, मग गिळणं, मग आवाज. आता डोळे तेवढे त्याचे आहेत.

साहाय्यक साधनांच्या केंद्राने त्याला एक यंत्र दिलंय. पडद्यावर अक्षरं असतात, तो ज्या अक्षराकडे बघतो ते उमटतं, आणि वाक्य झालं की यंत्र ते मोठ्याने बोलतं. ‘पाणी’ म्हणता येतं, ‘नाक खाजतंय’ म्हणता येतं. पण दोन-चार शब्दांच्या पुढे गेला की पडदा काळा. थोड्या वेळाने अक्षरं परत येतात, लिहिलेलं सगळं गेलेलं असतं. घाम गाळून त्याने डोळ्यांनी विणलेलं असतं रे ते.

कंपनीला फोन केला. “आमचा प्रोग्राम ठणठणीत आहे, यंत्राच्या आतला पहारेकरी त्याला मारतो.” केंद्राला विचारलं तर ते म्हणतात कंपनीला विचारा. यंत्र सीलबंद आहे, आपण हात लावायचा नाही. शेवटी आहतीनेच काचेच्या अक्षरपट्टीवर एकेका अक्षराकडे बघून तुझं नाव जुळवलं. मला वाटलं त्याला ताप चढलाय.

चार डिसेंबरला डॉक्टर वुओरिस्तो घरी येणार आहेत. त्याचा श्वास उतरत चाललाय, पुढे काय करायचं ते त्या दिवशी ठरेल. तोपर्यंत त्याला बोलता आलं पाहिजे. तुला यातलं काही कळत असेल तर हातपाय हलव.

तुइया

एस्पो, ४ ऑक्टोबर

तुइया,

कळतं. इतकं कळतं की पत्र वाचून खुर्चीतून उठलो आणि परत बसलो.

पडद्यावर चित्र काढणारी एक चिप असते आणि तिच्याशी बोलणारा छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तुमच्या यंत्रातल्या चिपचा ड्रायव्हर मी सांभाळतो. बनवणाऱ्यांनी कधीच हात वर केले, आता नोकरी सांभाळून मी एकटाच ते निस्तरतो. कोणता प्रोग्राम चित्रांसाठी किती मेमरी खातोय, हे ड्रायव्हरने सांगायचं असतं. पहारेकरी ते आकडे वाचतो, आणि मेमरी कमी पडली की सगळ्यात खादाडाला बाहेर काढतो. आता आहतीचा प्रोग्राम खरंच खादाड आहे की माझा ड्रायव्हर त्याच्यावर आळ घेतोय, एवढंच शोधायचंय.

केंद्राच्या यंत्राला हात लावू नकोस. पण आहतीचा तो जुना लॅपटॉप, जो तो कुणाला फेकू देत नाही, त्यात हीच चिप आहे. डोळ्यांच्या प्रोग्रामची प्रत त्यावर चढवून लांबलचक मजकूर लिही. मग मी खाली दिलेली ओळ टंकून जे आकडे येतील ते जसेच्या तसे पाठव. खाडाखोड नको, गोळाबेरीज नको.

तुला जमेल. बर्फातून फिरत्या वाचनालयाची बस हाकणाऱ्या बाईला हे अवघड नाही.

इल्पो

काजानी, ९ ऑक्टोबर

इल्पो,

आकडे सोबत आहेत. तीनदा चुकले, चौथ्यांदा जमलं. लॅपटॉप सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या बाहेरच्या खोलीत ढीगभर तारांखाली होता, उघडल्यावर आहतीचे डोळे असे चमकले की मला त्या डबड्याचा मत्सर वाटला.

तू आहतीबद्दल एक अक्षर विचारलं नाहीस. तुम्ही कोमुलाइनेन पुरुष सगळे असलेच, चिपची चौकशी कराल पण माणसाची नाही. विचारलं नाहीस तरी सांगते. श्वासासाठी रात्री लावायचा मुखवटा आता दिवसाही लावावा लागतो. डॉक्टर म्हणाल्या, मुखवटा पुरणार नाही अशी वेळ येणार, मग घशाला भोक पाडून श्वासाचं यंत्र बसवायचं की नाही हे त्याने सांगायचं. मी म्हटलं, पापण्यांनी हो-नाही सांगेल की! तर म्हणाल्या, “पापण्या त्याच्या थकतात, तुइया. आणि अक्षरपट्टी वाचणारी तू. एवढी मोठी गोष्ट मी बायकोच्या तोंडून घेणार नाही. यंत्रावरच्या दोन तुटक शब्दांवरही नाही. त्याला त्याच्या पूर्ण वाक्यांत सांगू दे.”

काल तो लिहायला लागला होता. ‘मला ते घशाचं यंत्र’ इथवर आलं आणि पडदा काळा. हवं असणार, दुसरं काय! चांगलं यंत्र आहे म्हणे, लोक त्याच्यावर वर्षानुवर्षं काढतात. बोलू दे त्याला एकदा, मग बाकीचं मी बघते.

तुइया

एस्पो, २१ ऑक्टोबर

तुइया,

चूक सापडली. माझीच आहे.

पडद्यावरचं एक चित्र दोन प्रोग्रामांच्या हातात असतं. एक ते रंगवतो, दुसरा ते पडद्यावर मांडतो. चित्र एकच, मेमरी एकच. पण माझा ड्रायव्हर ते पूर्णच्या पूर्ण दोघांच्याही नावावर टाकतो. शाळेत दर गुरुवारी मिळायचं त्या वाटाण्याच्या सुपाचं एक पातेलं दोघांनी संपवावं आणि बाईंनी दोघांनाही म्हणावं की तू अख्खं पातेलं खाल्लंस, तसं. वाक्य जितकं लांब तितकी चित्रं जास्त, आणि बिचाऱ्या प्रोग्रामवर आळ तितका मोठा. म्हणून तो ‘पाणी’ म्हणू शकतो आणि मनातलं म्हणू शकत नाही.

दुरुस्ती लिहून आमच्या यादीवर टाकली. यादी म्हणजे जगभरच्या आमच्यासारख्यांचा पत्रांचा चव्हाटा, तिथे सगळं सगळ्यांसमोर चालतं. ब्रनोची झ्देन्का सगळ्या चित्र-ड्रायव्हरांच्या डोक्यावर बसलेली आहे. तिने पहिल्याच दिवशी मला झापलं. “जगाला एकदा दाखवलेला आकडा बदलायचा नाही, चुकीचा असला तरी! कुणीतरी त्या चुकीवर आपलं बिऱ्हाड थाटलेलं असतं. जुनी ओळ राहू दे, खाली नवी घाल.” तिचं खरं आहे, आमच्यात हा नियम देवासारखा पाळतात. म्हणून आता जुन्या आकड्याखाली नवी ओळ येईल, ‘यातलं सामायिक किती’. पहारेकऱ्याचा प्रोग्राम लिहिणारे भले लोक आहेत, ती ओळ वाचायचं त्यांनी लगेच कबूल केलं.

राहिली एक गोष्ट. दुरुस्तीखाली तपासणाऱ्याचं नाव लागतं. खरी चिप असलेला माणूस, खरं नाव, जगासमोर. माझं नाव चालत नाही, स्वतःच्या मुलाला स्वतःच शहाणा म्हटल्यासारखं होतं. आणि माझ्याकडची चिप वसंतातच जळाली. शोधशोध शोधली, दुसरी चिप कुणाकडे नाही. नाव लागल्याशिवाय झ्देन्का घेणार नाही, आणि तिने घेतल्याशिवाय कंपनी केंद्राच्या यंत्रावर चढवणार नाही. म्हणजे सगळं तुझ्या लॅपटॉपपाशी येऊन थांबतं. नवी प्रत पाठवतोय, चढवून आकडे कळव.

आहती कसा आहे? बघ, विचारलं.

इल्पो

काजानी, २ नोव्हेंबर

इल्पो,

चढवली. काही फरक नाही. नवी ओळ आलीच नाही, प्रोग्राम पूर्वीसारखाच मरतो. आकडे खाली आहेत.

आहती बरा आहे.

तुइया

एस्पो, १२ नोव्हेंबर

तुइया,

तुला उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण देण्यासारखं काही नव्हतं.

नवी ओळ येत नाही हे कसं शक्य आहे ते मला कळत नाही. सगळी दुरुस्ती उलटीपालटी करून वाचली. पुन्हा लिहिली. रजा टाकली, बायकोला सांगितलं नाही, रोज डबा घेऊन वाचनालयात जाऊन बसतो. काल यादीवर जाहीर कबूल केलं की माझी दुरुस्ती चालत नाही आणि मागे घेतोय. एकाने लिहिलं, इतक्या जुन्या चिपसाठी एवढा आटापिटा कशाला, तो ड्रायव्हर काढूनच टाकू या. झ्देन्का त्याच्यावर तुटून पडली, पण मग तिने मला वेगळं पत्र टाकलं. “इल्पो, झोपतोस का तू?”

लहानपणी आहतीने मला फुटलेल्या बर्फातून ओढून काढलं होतं, हे तुला त्याने कधी सांगितलं नसेल. तो सांगत नाही. तेव्हा त्याने विचार केला नव्हता, सरळ पोटावर झोपून हात पुढे केला होता. आणि मी इथे आकड्यांपुढे बसलोय आणि माझा हात त्याच्यापर्यंत पोचत नाही. चार तारीख जवळ येतेय. माझी मती चालेनाशी झालीय, तुइया. चुकून लॅपटॉप जुन्याच प्रतीवर सुरू झाला असेल का? कृपा करून एकदा परत बघ.

इल्पो

एस्पो, १५ नोव्हेंबर

तुइया,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय.

त्या आकड्यांत शेवटची एक ओळ असते. चिपने त्या प्रोग्रामसाठी चित्र काढण्यात किती वेळ घालवला, ते सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत तिथे लिहिलेलं असतं. त्या ओळीकडे मी कधी बघत नाही, आपल्या कामाची नाही म्हणून. आज सहज तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. ऑक्टोबरातला तो आकडा आणि नोव्हेंबरातला तो आकडा शेवटच्या अंकापर्यंत एकच आहे. असं होत नाही. एकाच यंत्रावर लागोपाठ दोनदा मोजलं तरी होत नाही.

तू नवी प्रत चढवलीच नाहीस. जुनेच आकडे उतरवून पाठवलेस.

मी चिडलेलो नाही. दोन आठवडे स्वतःला शिव्या घालून झाल्यात, आता दुसऱ्या कुणाला घालायला उरल्या नाहीत. काय झालंय ते सांग.

इल्पो

काजानी, १९ नोव्हेंबर

इल्पो,

तुझा तो अब्जावा भाग चुलीत घाल.

ऐक तर मग. तुझं सुपाचं पत्र आलं त्याच दिवशी आहतीने अक्षरपट्टी मागितली. मी समोर धरून बसले. त्याने एकेक अक्षर करत वाक्य पुरं केलं. ‘मला घशाचं यंत्र नको.’ मी म्हटलं, नीट कळलं नाही. त्याने परत लिहिलं. मी परत म्हटलं, कळलं नाही. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी फोनवर विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं, पट्टीवर काही धड लागत नाही म्हणून.

दोन ऑक्टोबरला तुला लिहिलं तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. तेव्हा मला वाटत होतं की तो बोलला तर जगेल.

तुला नियम माहीत नसेल, म्हणून सांगते. त्याने काहीच सांगून ठेवलं नसेल आणि श्वास अडकला, तर रुग्णवाहिका येते आणि माणसाला वाचवते. भोक पाडतात, यंत्र लावतात. एकदा लागलं की लागलं. मी त्या नियमावरच भिस्त ठेवून आहे. नवी प्रत चढवायला बसले होते, खोटं नाही सांगत. बोट कळीवर होतं. मग विचार केला, मी माझ्या हाताने याचा ‘नको’ बोलता करू? आणि वर जगासमोर माझं नाव लावू, की हो, मी तपासलं, उत्तम चालतंय?

तू म्हणशील त्याचा हक्क आहे. डॉक्टर म्हणतात, नर्स म्हणते, माझी बहीण म्हणते. हक्क सगळ्यांना दिसतो. सकाळी उठून त्याच्या उशीचा खड्डा कुणाला बघायचा आहे? मला. तेव्हा सोडून दे, इल्पो. तुझ्या यादीवर सांग की ती चिप मेली. मी तुझ्या पाया पडते. मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही.

तुइया

एस्पो, २२ नोव्हेंबर

तुइया,

तुझं पत्र खिशात घालून काल समुद्राकाठी चालत राहिलो.

तुझं ऐकावंसं वाटलं. हे आधी सांगतो. मलाही तो हवाय. ‘चिप मेली’ एवढे दोन शब्द यादीवर टाकले असते तर कुणी मागे वळूनसुद्धा बघितलं नसतं. टाकायला बसलोही होतो. पण मला राहून राहून एकच दिसत होतं, आहती आडवा पडलाय, यंत्र श्वास घेतंय, पापण्याही गेल्यात, आणि कुणी विचारत नाही, कारण उत्तर द्यायची सोयच नाही. असं वर्षानुवर्षं. ज्या माणसाने ‘नको’ दोन वेळा लिहिलं त्याच्यावर.

तू म्हणतेस तुझं नाव लावू कसं. लावू नकोस, मी जबरदस्ती करणार नाही. आहतीला मी काही कळवलेलं नाही, कळवणारही नाही. दुरुस्ती पुन्हा यादीवर ठेवलीय, खालची जागा रिकामी आहे. झ्देन्काने विचारलं की तपासणारा कुठाय. मी लिहिलं, विचार करतोय. तिने परत विचारलं नाही.

एवढंच म्हणतो की त्याने पट्टीवर वाक्य तुलाच लिहून दाखवलं. डॉक्टरला नाही, मला नाही.

इल्पो

काजानी, २५ नोव्हेंबर

आकडे सोबत आहेत, या वेळचे खरे. नवी ओळ आली आहे. दोन पानं भरून लिहिलं तरी पडदा गेला नाही.

तपासलं: तुइया कोमुलाइनेन

एस्पो, २७ नोव्हेंबर

तुइया,

झ्देन्काने काल घेतली. एरवी ती ‘ठीक’ एवढंच लिहिते, या वेळी तिने लिहिलं, “तपासणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांग.” मी तिला काही सांगितलेलं नाही. तरी तिला काय जाणवलं कोण जाणे.

कंपनीच्या माणसाला फोनवर धरून ठेवलंय. सोमवारपर्यंत केंद्राच्या यंत्रावर चढेल.

तुला काय वाटत असेल हे विचारायची मला हिंमत होत नाही.

इल्पो

काजानी, ६ डिसेंबर

इल्पो,

परवा डॉक्टर वुओरिस्तो आल्या. नर्सही होती. मी कॉफी केली, कुणी प्यायली नाही. डॉक्टर त्याच्या समोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “बोल आहती. मला घाई नाही.”

मी त्याच्या खांद्यामागे उभी होते, पडदा मला दिसत होता. पहिली ओळ भरली. दुसरी भरली. आधी पहिल्याच ओळीत काळोख व्हायचा. तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगते, मी मनात म्हणत होते की विझ. आता विझ. विझला नाही. तिसरी ओळ भरली, चौथी भरली. मग यंत्राने ते सगळं त्या मेल्या सपाट आवाजात वाचून दाखवलं. मला पाठ झालंय.

“मला घशाचं यंत्र नको. मुखवटा पुरे. मला भीती वाटते, तेही लिहा, पण तेवढ्यावरून निर्णय फिरवू नका. शेवटपर्यंत घरी राहायचंय. तुइया पट्टी चुकीची वाचत होती, हे मला माहीत होतं. तिला कुणी काही बोलायचं नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही चुकीचीच वाचली असती.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं, त्याला परत वाचून दाखवलं, त्याने ‘हो’ म्हटलं. जाताना त्यांनी दारात माझा हात धरला, मी सोडवून घेतला.

त्या गेल्यावर त्याने लिहिलं, “रागावलीस?” मी म्हटलं, “हो.” त्याने लिहिलं, “किती दिवस?” मी म्हटलं, “तू आहेस तोवर.” त्याला हसता येत नाही, पण डोळ्यांत दिसलं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले, म्हणजे त्याला ऐकू जाऊ नये. आत येते तर पडद्यावर लिहिलेलं, “नळ बंद कर, पाणी वाया जातंय.”

आज स्वातंत्र्यदिन, खिडकीत मेणबत्त्या लावल्या, सगळ्या गल्लीत लावल्यात. तो सकाळपासून बोलतोय. माझ्या लापशीबद्दल, तुझ्याबद्दल, त्या बर्फाबद्दलसुद्धा. तू पाण्यात पडलास तेव्हा तूच त्याला ओरडून सांगत होतास म्हणे, की जवळ येऊ नकोस, बर्फ पातळ आहे.

तुझं काम चोख झालंय, इल्पो. त्याबद्दल आभार मानायला माझं तोंड उघडत नाही, कधी उघडेल सांगता येत नाही. तेव्हा मला काही दिवस लिहू नकोस.

त्याला लिही. डॉक्टर म्हणाल्या, नाताळ बघेल, पुढचं त्या बोलल्या नाहीत. आता तो उत्तर देऊ शकतो. लवकर लिही.

तुइया